काचेमागचे हात

रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, रंग पाहायचा असेल तर उत्तरेच्या खिडकीपाशी जावे लागते. दक्षिणेचे ऊन पडले की चांगली पांढरी रुईसुद्धा पिवळसर दिसते, आणि पिवळसर म्हटली की तिची प्रत उतरते. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये मी सत्तावीस वर्षे हेच काम करतो आहे. मूठभर नमुना घ्यायचा, चिमटीत ओढून धाग्याची लांबी पाहायची, टेबलावर पसरून रंग पाहायचा आणि त्यातले पानांचे, बोंडांचे काळे-तपकिरी कण मोजायचे.

हिवाळ्यात पाच वाजले की उत्तरेचाही उजेड जातो आणि कापसाच्या गाड्या तर फाटकापर्यंत उभ्या असतात. म्हणून आठ वर्षांपूर्वी मी नमुन्याच्या टेबलावर दिव्याच्या चार नळ्या बसवून घेतल्या. दुपारी खिडकीतून येतो तसा उजेड पडला पाहिजे, मधे जास्त आणि कडेला कमी असे होता कामा नये, एवढीच अट होती. ती पुरी करता करता दीड महिना गेला. त्यासाठी एक लक्स मीटर घेतले. बिस्किटाच्या पुड्याएवढे यंत्र, वर एक पांढरी गोल टिकली. टिकलीवर जेवढा उजेड पडेल तेवढा आकडा खाली दिसतो. त्या दिवसापासून मी घरात, देवळात, बस स्थानकावर, जिथे जाईन तिथे उजेड मोजू लागलो. बायको म्हणायची, "एवढं तं डॉक्टरही नाडी नाई पाहत."

तिच्या हातावरचा पहिला डाग मलाच दिसला. पांढरे पाहणे हे माझे कामच. ती पोळ्या लाटत होती. डाव्या हाताच्या मागच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे होते.

"पीठ लागलं पहा," मी म्हणालो.

तिने हात धुतला. पीठ नव्हते.

दीड वर्षात दोन्ही हातांच्या मागच्या बाजूंवर आणि बोटांच्या टोकांवर डाग पसरले. दुखत नव्हते, खाजत नव्हते. तिचे नुकसान दुसरीकडे झाले. आमच्या वस्तीतल्या मारुतीच्या देवळात वर्षातून एकदा महाप्रसाद असतो आणि पंगतीत कढी वाढायचे काम लग्न होऊन आल्यापासून तिचे. बादली कमरेला टेकवून ती अशी झपाझप जाई की मागचा भात वाढणारा हाका मारी. त्या वर्षी ओळीतल्या एका ओळखीच्या बाईने पानावर हात आडवा धरला.

"राहू दे वं बाई, मी मायी मायी घेतो."

बाई वाईट नव्हत्या. आवाजही हळू होता. पण बायकोने बादली तिथेच दुसरीच्या हातात दिली आणि पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिली. पुढच्या वर्षी ती महाप्रसादाला गेलीच नाही. घरात आलेल्या पाहुण्यालाही चहाचा कप ती माझ्या हातून द्यायला लागली.

वर्ध्याच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो. बाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी पहिले वाक्य हेच सांगितले की हा रोग शिवल्याने होत नाही, जेवणातून होत नाही, कुणाला लागत नाही. मग एका अंधाऱ्या खोलीत नेऊन हातांवर जांभळा दिवा धरला. डाग निळे-पांढरे पेटल्यासारखे दिसले. मला तो दिवा ओळखीचा होता. रुईत प्लॅस्टिकचा धागा मिसळला आहे का ते पाहायला आमच्याकडे असाच दिवा लावतात. रुई काळवंडते आणि धागा पेटतो. मी तसे बोललो तर डॉक्टर हसल्या.

"मग तुम्हाला समजावणं सोपं आहे," त्या म्हणाल्या. "उपचारही उजेडाचाच आहे. पण तो डोळ्यांना दिसत नाही."

उन्हात अनेक तऱ्हेचे किरण असतात. त्यातली एक अरुंद पट्टी कातडीतल्या रंगाच्या पेशींना जागे करते. तेवढीच पट्टी देणाऱ्या नळ्या मिळतात. आठवड्यातून तीनदा, मोजून काही सेकंद. तीन महिन्यांनी पाहायचे. रंगाचा एकही ठिपका आला नाही, तर हा उपचार या कातडीला लागू नाही असे समजून बंद करायचा.

"आणि बोटांची टोकं?" बायकोने विचारले.

"टोकं फार हट्टी असतात. त्यांचा शब्द मी देत नाही. हातांच्या मागच्या बाजूची आशा आहे."

आठवड्यातून तीनदा हिंगणघाट ते वर्धा जाणे-येणे तिला झेपणारे नव्हते. घरी ठेवायचे यंत्र मिळते का, मी विचारले. मिळते, पण तेव्हा ते लवकर येण्यासारखे नव्हते. "पेटी मी बनवली तर?" मी म्हणालो.  डॉक्टरांनी अटी घातल्या. नळ्या त्या सांगतील त्याच. पेटी तयार झाली की आधी त्यांच्या मीटरखाली आणायची. सेकंद त्या ठरवतील. डोळ्यांना काळा चष्मा, चेहरा झाकलेला. आणि त्यांना विचारल्याशिवाय काही बदलायचे नाही.

पेटी मी आणि जिनिंगच्या वायरमनने मिळून केली. तो माझ्याच वयाचा, हाताने सरळ आणि जिभेने वाकडा. लाकडाची पंच्याहत्तर सेंटिमीटर रुंद पेटी, वर दोन फुटी चार नळ्या, खाली हात ठेवायची फळी, पुढे हात आत घालायला दोन भोके आणि मधे ती फळी दिसेल एवढी फट. नळ्या हातांपासून पंधरा सेंटिमीटरवर.

आतून पांढरा रंग द्यायचा असे मी ठरवले होते. पांढऱ्यावरून उजेड सगळ्यात जास्त परत फिरतो, हे मला टेबलामुळे माहीत होते. सुदैवाने फोनवर विचारले.

"पांढरा रंग नको," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यांना पांढरा, पण या किरणांना तो काळा. पिऊन टाकतो. चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा लावा."

हे ऐकून मी दिवसभर चक्रावल्यासारखा होतो. आयुष्यभर ज्याच्यावर पोट भरले तो पांढरा रंग कुणासाठी तरी काळा असतो! वायरमनला सांगितले तर तो म्हणाला, "मंग भाऊ, तुमचे सत्तावीस वर्षांचे नमुने पुन्हा पहा लागतीन."

पत्रा लावला. फळीवर पाच-पाच सेंटिमीटरवर पेन्सिलीने चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीत लक्स मीटर ठेवून आकडा लिहिला. मधे जास्त, नळ्यांच्या टोकांकडे कमी. बाजूचे पत्रे थोडे आत कलते केले, तेव्हा फरक निम्म्यावर आला. हात ठेवायची जागा मी त्यातल्या सगळ्यात सारख्या भागात आखली. डाव्या आणि उजव्या हाताला सारखे मिळाले पाहिजे.

पेटी गोणपाटात गुंडाळून एसटीने वर्ध्याला नेली. मांडीवर ठेवून बसलो होतो. कंडक्टर म्हणाला, "काका, भजनाले चालले काय? बाकीचं मंडळ कुठी हाय?" बायको माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हेच मंडळ."

डॉक्टरांचे मीटर माझ्याहून वेगळे होते, फक्त त्या किरणांचे. फळीच्या मधोमध २.५ असा आकडा आला. त्यांनी गुणाकार-भागाकार करून शंभर सेकंद ठरवले. लाली राहिली नाही तर दर आठवड्याला दहा टक्के वाढ. सोमवार, बुधवार, शुक्रवार.

आम्ही दुपारी दीड वाजता, माझ्या जेवणाच्या सुटीत बसायचो. उन्हात निघताना बांधतात तसा ती चेहऱ्याला रुमाल बांधायची, काळा चष्मा लावायची, आणि फळीवर एक पांढरे सुती कापड अंथरायची. लाकूड टोचते म्हणून. ते दर रविवारी साबणपावडरमध्ये धुतले जाई. मी बाजूला घड्याळ घेऊन. पहिल्या आठवड्यात संध्याकाळपर्यंत डाग किंचित गुलाबी दिसत आणि सकाळी तो गुलाबीपणा गेलेला असे. वहीत मी लिहिले: लाली, हलकी, रात्रभर टिकली नाही. दुसऱ्या आठवड्यात एकशेदहा सेकंद. तेच.

तिसऱ्या आठवड्यात कापसाचा हंगाम सुरू झाला.

आमचे क्वार्टर जिनिंगच्या आवारातच आहे. हंगामात हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. पाण्याच्या माठावर, देवाच्या फोटोवर, जेवणाच्या ताटात. एक दिवस पेटी उघडली तर नळ्यांवर मऊ पांढरी लव बसली होती. वायरमनने ती पाहिली आणि त्याचा चेहराच बदलला.

"भाऊ, जिनिंगात उघडी नळी? पेट घेतला तं वहिनीचे हात राह्यले बाजूले, आपलं जिनिंगच जाईन."

तो बरोबर बोलत होता. रुईच्या आवारात दिवा काचेच्या आत पाहिजे, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. मी स्वतः कितीदा लोकांना त्यावरून बोललो आहे. त्याच संध्याकाळी पाच मिलिमीटर जाडीची स्वच्छ काच मापाने कापून आणली आणि नळ्यांच्या खाली खाचेत बसवली. सरकवून काढता येईल अशी, पुसायला सोपी. मग लक्स मीटरने मोजले. काचेशिवाय ४१००, काचेसह ३७५०. साडेआठ टक्के घट. तेवढे सेकंद वाढवावेत का, असा विचार आला. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय सेकंद वाढवणे योग्य नाही म्हणून वाढवले नाहीत. काच मात्र न विचारता बसवली होती, हे तेव्हा माझ्या लक्षातही आले नाही. काच बसवणे म्हणजे बदल, असे मला वाटलेच नव्हते.

त्या शुक्रवारी हात बाहेर काढताना बायको म्हणाली, "अजी, हे कापड पह्यलेसारखं चमकून नाई राह्यलं."

"काच आहे ना मधे. साडेआठ टक्के कमी."

"साडेआठ म्हंजे किती?"

"बारा पोळ्यांतली एक."

"मले तं टोपलं रिकामं दिसून राह्यलं," ती म्हणाली.

मी हसलो. मीटरचा आकडा तिला दाखवलाही.

लाली यायची बंद झाली. वहीत मी लिहीत गेलो: लाली नाही, लाली नाही, लाली नाही. कातडीला सवय झाली असे मी धरले. दर आठवड्याला दहा टक्के वाढवत अकराव्या आठवड्यात आम्ही दोनशे एकोणसाठ सेकंदांवर आलो, म्हणजे चार मिनिटे एकोणीस सेकंद. रंगाचा ठिपका एकही नव्हता. तपासणीला आठवडा राहिला होता. सोमवारी चष्मा काढताना ती म्हणाली, "पुढच्या मंगळवारी डॉक्टरबाई बंदच करा म्हणतीन. चांगलंच हाय. तुमची दुपारची झोप तरी वाचंन."

ती हे हसत म्हणाली, पण नंतर रुमालाची घडी घालताना तिने ती तीनदा मोडली.

त्या शुक्रवारी सकाळी तिने काच काढून धुतली आणि ओट्यावर उभी करून ठेवली. दीड वाजता आम्ही दोघेही ती विसरलो. तिने हात आत घातले, मी बटण दाबले आणि घड्याळ पाहू लागलो. काटा अठरा सेकंदांवर असताना तिने दोन्ही हात झटकन बाहेर ओढले.

"काऊन काढले?" मी ओरडलो.

"बाप्पा! कापड पहा. आज कसं पेटलं!"

मी बटण बंद केले. मग ओट्यावरची काच दिसली. काळा चष्मा मी लावला, पेटी पुन्हा सुरू केली आणि फटीतून पाहिले. कापड निळसर, झगझगीत, जांभळ्या दिव्याखालच्या प्लॅस्टिकच्या धाग्यासारखे. काच सरकवली, कापड विझल्यासारखे झाले. काच काढली, पेटले. पाच-सहा वेळा काढघाल केली. मग लक्स मीटर ठेवले. ४१००, ३७५०. कापडाचे म्हणणे एक आणि मीटरचे म्हणणे दुसरे.

मी जेवलो नाही. पेटीसमोर पाटावर बसून राहिलो. मीटर खोटे बोलत नव्हते. ते माणसाच्या डोळ्याला दिसेल तेवढेच मोजायला बनवलेले होते, आणि तेवढे त्याने अचूक मोजले होते. डोळ्याला न दिसणारे त्याला विचारायचेच नव्हते. साबणाच्या पावडरमधला काहीतरी अंश मात्र त्या न दिसणाऱ्या उजेडात चमकत होता. म्हणजे माझ्याकडे असलेले खरे मीटर ते चारघडी कापड होते, आणि ते वाचणारी माझी बायको तिसऱ्या आठवड्यापासून मला वाचून दाखवत होती.

मग दुसरी गोष्ट डोक्यात आली. ती काच नसताना दोनशे एकोणसाठ सेकंद बसली असती तर? नऊ आठवडे जवळपास काहीच न मिळालेली कातडी. तिने हात ओढले नसते तर मी घड्याळ पाहतच राहिलो असतो.

"भाजले असते का?" तिने विचारले.

"हो."

"मंग बरं झालं, मी तुमच्या घड्याळाकडे नाई पाहून राह्यली होती."

मंगळवारी पेटी, वही आणि वर्तमानपत्रात बांधलेली काच, तिन्ही घेऊन आम्ही वर्ध्याला गेलो. बायको वाटेत म्हणाली, काच घरीच ठेवली असती, नुसते विचारले असते तर चालले असते. मला ते बरे वाटेना. डॉक्टरांनी आधी तिचे हात पाहिले. भिंगातून, एकेक बोट. मग कागदावर काही लिहायला पेन उचलले.

"थांबा," मी म्हणालो. "आधी हे मोजा."

त्यांनी आपले मीटर फळीवर ठेवले. काचेशिवाय २.४. मी काच सरकवली. ०.१.

त्यांनी पेन खाली ठेवले. वही उघडून "लाली नाही"ची ओळ बोटाने वरपासून खालपर्यंत पाहिली.

"म्हणजे नऊ आठवडे बाईंनी हात काचेमागे ठेवले होते."

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "पांढऱ्या रंगाचं तुम्ही सांगितलं होतं. काचेचंही तसंच असेल हे मला सुचायला हवं होतं."

"खिडकीच्या काचेमागे बसलं तर कातडी सहसा भाजत नाही, पाहिलंय ना? तेच." मग त्या बायकोकडे वळल्या. "आज मी 'उपचार लागू नाही' असं लिहिणार होते. तुम्हाला कसं कळलं?"

"कापड चमकलं," ती म्हणाली. एवढेच.

नव्याने सुरुवात झाली. पुन्हा शंभर सेकंद, पुन्हा तीन महिने. काचेशिवाय रुई कशी थांबवायची हा प्रश्न वायरमनने सोडवला. पेटीच्या पुढच्या बाजूला घट्ट बसणारे झाकण, ते लागलेले असेपर्यंत नळ्या पेटणारच नाहीत असे बटण, आणि बसण्याआधी प्रत्येक वेळी मऊ ब्रशने नळ्या झाडणे. पेटी आम्ही मागच्या खोलीत हलवली, खिडकीच्या फटी कागदाने बुजवल्या. "एवढा बंदोबस्त तं जिनिंगच्या मालकाच्या तिजोरीले नाई," वायरमन म्हणाला. घड्याळ माझ्याकडेच राहिले, पण बटण दाबल्यावर पहिले विचारायचे ते मी तिला. "कापड?" ती फटीतून पाहून म्हणायची, "हाय." मग मी मोजायला लागायचो.

सातव्या आठवड्यात डाव्या हाताच्या मोठ्या डागात, जिथे बारीक केस उगवतो त्या जागी, तपकिरी ठिपका दिसला. मला वाटले रुईतला कचरा चिकटला. चिमटीत धरायला गेलो, निघाला नाही. नमुन्याचे भिंग आणले. ठिपका कातडीत होता. शेजारी दुसरा, त्याच्या खाली तिसरा. उत्तरेच्या खिडकीपाशी तिचा हात धरून मी मोजत गेलो. सतरा.

पांढऱ्यातला तपकिरी कण म्हणजे खोट, असे डोळ्याला सत्तावीस वर्षांचे वळण. एवढ्या कणांचा नमुना असता तर मी बाजूला सारला असता. इथे मात्र अठरावा सापडतो का म्हणून मी हात उलटसुलट करून पाहत होतो.

"कचरा मोजता तसे मोजू नका," ती म्हणाली. पण हात तिने काढून घेतला नाही.

महाप्रसादाच्या दिवशी डाव्या हातावर त्रेचाळीस होते, उजव्यावर एकोणतीस. काही ठिपके एकमेकांना चिकटून डाळीएवढे झाले होते. बोटांची टोके मात्र होती तशीच पांढरी. सकाळी तिने मला आकडा विचारला. मी सांगितला. टोकांचे काहीच नाही, हेही सांगितले. तिच्याशी खोटे आकडे बोलायची सवय मला नाही.

"टोकं नाई येणार म्हणे ना त्या?"

"शब्द देत नाही म्हणाल्या."

"मंग त्याईची वाट पाहून काय करू," ती म्हणाली, आणि पदर खोचून देवळाकडे निघाली.

मी पुरुषांच्या पंगतीत होतो. ती बायकांच्या ओळीत कढीची बादली कमरेला टेकवून जाताना लांबून दोनदा दिसली. त्या ओळखीच्या बाई बसल्या होत्या का, त्यांनी पानावर हात धरला का, मला दिसले नाही. घरी आल्यावर विचारले.

"कढी कमी पडली," ती म्हणाली. "पुढच्या साली दोन बादल्या जास्त लागतीन. त्या देवळातल्या पोट्टेहोले आताच सांगून ठेवा."

तो शुक्रवार होता. तिने साबणाने हात धुतले, हळदीचे डाग पुरे निघाले का ते उजेडात पाहिले, आणि मागच्या खोलीत जाऊन पेटीचे झाकण काढले.